वहाणा काढून

पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला आला की आमचा आजा आधी वहाणा काढायचा. चौथऱ्यापासून दहा पावलं अलीकडे, फाटकाच्या खांबाला टेकवून ठेवायचा आणि अनवाणी पुढे यायचा. कर्जतकडचा ऑगस्ट ज्यांनी काढलाय त्यांना माहीत आहे, त्या दिवशी पटांगणात नुसता राडा असतो. लावणी आटपलेली, बेणणी चाललेली, वरून संततधार. बाकीचे बाप्ये पायांत काहीबाही घालून, इरलं नाहीतर छत्री धरून उभे असत, आणि हा एकटा घोट्यापर्यंत चिखलात. राष्ट्रगीत सुरू झालं की हात जोडायचा, मान खाली घालायचा. 'सावधान' त्याला जमत नव्हतं आणि जमवायचंही नव्हतं.

एका वर्षी नव्यानेच आलेले पीटीचे मास्तर चिडले. गीत संपल्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "बाबा, हात खाली सोडायचे असतात. हा काय देव आहे?"

आजा म्हणाला, "मंग कोण हाये?"

मास्तर पुढे बोलले नाहीत. मी तेव्हा चौथीत होतो. मला लाज वाटली, ती आजाची. मास्तरांचं बरोबर आहे असंच मला पुढली कितीतरी वर्षं वाटत होतं.

आमच्या दोन खाचरांमधल्या बांधावर टाटाचा टॉवर होता. तो नसता तर यातलं काहीच घडलं नसतं, म्हणून त्याचं थोडं सांगतो. खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं. घाटमाथ्यावर लोणावळ्याच्या अंगाला वळवण, शिरवता अशी धरणं बांधून पाऊस अडवायचा, मोठाल्या नळांतून ते पाणी सुमारे १७०० फूट खाली सोडायचं, त्यावर चाकं फिरवायची आणि निघालेली वीज तारांवरून थेट परळला न्यायची. तिकडे गिरण्या वाट पाहत असत. पाठोपाठ १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर उभं राहिलं. वीज काढून झालेलं पाणी मात्र इथेच राहिलं. खोपोलीचं पाताळगंगेला मिळालं, भिवपुरीचं उल्हास नदीला आणि राजनाल्याला. राजनाल्याच्या पाण्यावर आमच्याकडे उन्हाळी भात होऊ लागला, हे कबूल करायलाच हवं. पण मुंबईचा उजेड आमच्या डोक्यावरून जायचा आणि आम्ही खाली रॉकेलच्या चिमणीत पाढे म्हणायचो. मी दुसरीत गेलो तेव्हा गावात पहिला बल्ब लागला. डोंगरातल्या ठाकूरवाड्यांना तर त्यानंतरही कितीतरी पावसाळे काढावे लागले. तारा मात्र त्यांच्याही डोक्यावरून जात होत्या.

आजा तरुणपणी या तारांच्या दुरुस्तीवर बिगारी होता, एका कंत्राटदाराकडे रोजावर. टॉवरवर चढणारे गडी वेगळे. त्यांना खालून दोर, पाने, नटबोल्ट पोचवायचे, एवढंच याचं काम. १९४२ च्या पावसाळ्यानंतर हे काम एकाएकी वाढलं.

का वाढलं ते आता पुस्तकांत आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबातला. शिकून वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. खालच्या गावांतल्या पोरांसाठी शाळा काढल्या. अडीनडीला कुळाला सावकाराचा उंबरा झिजवावा लागू नये म्हणून गावोगाव धान्य साठवण्याची पेढी चालवली. आमच्याकडे त्यांना सगळे 'भाई'च म्हणतात, त्यांचं पाळण्यातलं नाव सांगितलं तर एखादा विचारील, हे कोण? बेचाळीसच्या ऑगस्टात मुंबईत 'चले जाव'चा ठराव झाला, पुढारी पकडले गेले, आणि भाई भूमिगत झाले. त्यांनी जमवलेल्या टोळीचं नाव आझाद दस्ता. माणिवलीचे गोमाजी पाटील त्यात होते आणि त्यांचा मुलगा हिराजीही. मुंबईचे कारखाने लढाईचं सामान तयार करतात, कारखाने विजेवर चालतात, वीज आपल्या रानातून जाते. हिशेब सरळ होता. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत दस्त्याने अकरा मनोरे पाडले.

आजाच्या तोंडी हा आकडा कधीच स्थिर नव्हता. होळीच्या सुमारास सांगितलं तर चार, गणपतीत सांगितलं तर पंधरा-सोळा. पण पाडायचे कसे, यात कधी बदल झाला नाही. "चार पायांतले दोन कापायचे, तेबी उताराकडचे. बाकीचं काम तारच करते." हे सांगताना त्याच्या आवाजात जे कौतुक यायचं ते भक्ताचं नव्हतं. एका कारागिराने दुसऱ्याचं काम वाखाणावं तसं ते होतं. रात्री त्यांनी पाडायचं, दिवसा यांनी उभं करायचं. दोघांच्याही हातात तीच आरीपट्टी.

आरीपट्ट्यांवरून आठवलं. संध्याकाळी गोदामात हत्यारं मोजून घेत. आजाच्या दुरुस्तीवाल्या टोळीच्या आरीपट्ट्या नेहमी कमी भरायच्या, आणि मोडली, दरीत पडली, अशी उत्तरं मिळायची. हे आजीने सांगितलं, आजा गेल्यानंतर. तो असताना मी एकदा सरळच विचारलं होतं, तुम्ही भाईंना मदत केली होती का? त्याने चंची उघडली, पान जुळवलं, चुना लावला. मग म्हणाला, "लोखंडावर चालते ती पट्टी. मोडायचीच." यापलीकडे त्याने कधी काही कबूल केलं नाही आणि नाकारलंही नाही. पुढे जेव्हा गावोगावचे म्हातारे 'आम्हीच भाईंना लपवलं होतं' असं सांगू लागले, तेव्हा हा ओट्यावर गप्प बसून ऐकायचा. इतके लोक खरंच लपवायला असते तर भाई सापडलेच नसते, असं मला कधीकधी वाटतं.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे ते सापडले. दस्ता तेव्हा सिद्धगडाच्या रानात होता, आताच्या मुरबाड तालुक्यात. कोणीतरी खबर दिली आणि हॉल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याची तुकडी रान वेढून आली. हिराजी पाटील आणि भाई दोघेही तिथेच गेले. भाई तिशी नुकतीच ओलांडलेले. आमच्याकडची गोष्ट अशी की टेहळणीला झाडावर चढलेले हिराजी आधी पडले, आणि मांडीत गोळी लागून खाली बसलेल्या भाईंना हॉलने जवळ येऊन मारलं. आजी ही गोष्ट सांगताना नेहमी 'हालसायेब' म्हणायची, आणि तो शब्द ती ज्या तऱ्हेने उच्चारायची त्यावरून मला लहानपणी वाटे की 'हाल' हे त्याचं नाव नसून काम आहे.

तिच्या गोष्टींत काळाचं भान नव्हतं. तिचं माहेर खालापूरकडचं, चौकच्या बाजूचं. नेताजी पालकर आमच्या चौकचा, हे ती 'माझ्या चुलत्याच्या शेजारी राहायचा' अशा थाटात सांगे. १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज कोंडली, ती गोष्ट आणि भाईंच्या टोळीची गोष्ट एकमेकींत मिसळायच्या. एकदा तर तिने महाराजांच्या मावळ्यांकडून टाटाची तार तोडवली. आम्ही पोरं हसलो तर रागावली. मला आता तिची बाजू थोडी कळते. दोन्हीकडे डोंगर तोच, रात्र तीच, आणि खिंडीच्या वर दबा धरून बसलेली माणसंही आमच्याच जातकुळीची, अर्धपोटी. चिरनेरचा जंगल सत्याग्रहही याच मालिकेत यायचा. अक्कादेवीच्या डोंगरावर २५ सप्टेंबर १९३० ला गोळीबार झाला आणि मेलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. आजी त्याला 'आपला नाग्या' म्हणे. तिने चिरनेर जन्मात पाहिलं नव्हतं.

या सगळ्यांनी ज्याच्यासाठी जीव दिला त्याचं राष्ट्रगीत त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे गाणं होतं. 'जन गण मन' कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात पहिल्यांदा म्हटलं गेलं ते २७ डिसेंबर १९११ ला, भाईंच्या जन्माच्या वर्षभर आधी. पण ते देशाचं राष्ट्रगीत ठरलं २४ जानेवारी १९५० रोजी. भाई हयात होते तोवर कचेरीत, पलटणीत, सरकारी समारंभात ज्याच्यासाठी उभं राहायचं ते गीत विलायतेच्या राजाचं होतं. तेव्हा मुकाट उभा राहणारा तो राजनिष्ठ, आणि बसून राहणारा तो देशभक्त. भाई नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, त्यांनाही अशा प्रसंगी काय करायचं हे ठरवावं लागलं असणार. त्यांनी काय केलं याची गोष्ट आमच्याकडे कोणी सांगत नाही. मला ती फार ऐकायची होती.

आमच्या घरात एक न उभा राहणाराही होता. आजाचा धाकटा भाऊ, आमचा चुलतआजा. झेंडावंदनाला तो कधीच आला नाही. शाळा आमच्या ओट्यापासून हाकेच्या अंतरावर, कर्ण्यावरचं गीत घराघरांत ऐकू यायचं, आणि हा ओट्यावर मांडी घालून दावं वळत बसलेला. एकदा मुंबईहून आलेल्या पाहुण्याने त्याला झापलं, "लाज नाही वाटत? राष्ट्रगीत चालू आहे!" चुलतआजाने फक्त उजवा कान पुढे केला. बेचाळीसला पोलिसांनी त्याला चौकीवर नेलं होतं, पोरं कुठे लपलीत ते सांग म्हणून. त्याला माहीत होतं की नव्हतं यावर घरात दोन मतं आहेत. तीन दिवसांनी तो परत आला तेव्हा डावा कान गेला होता आणि पुढे हळूहळू उजवाही गेला. भाईंबद्दल तो फारसं चांगलं बोलत नसे. "ते गेले रानात, मार खाल्ला आम्ही," एवढंच. हुतात्म्यांच्या गोष्टीत असा माणूस कुठे बसवावा ते लिहिणाऱ्यांना कळत नाही, म्हणून बहुधा त्याला गाळतात. आजा आणि हा, दोघं शेवटपर्यंत एकाच चुलीवर जेवले.

पाहुण्याला ते समजावून सांगितलं कोणी? आजाने. "त्याचं मास्तरांना सांगून ठेवलंय," म्हणाला. काय सांगितलं होतं, देव जाणे.

पुढे गोष्टी बदलल्या. म्हणजे आमच्याकडे नाही, आधी मुंबईत. वडील गिरणीत होते. बासष्टच्या चीन युद्धानंतर सिनेमा संपला की राष्ट्रगीत लावायची पद्धत सुरू झाली तेव्हाचं ते सांगत. पडद्यावर झेंडा आला की त्यांची अवस्था बिकट, कारण शेवटची गाडी. ती चुकली तर रात्र दादरच्या बाकावर. कर्जतकडची मंडळी 'समाप्त' उमटायच्या आधीच सरकत सरकत दारापाशी पोचायची आणि गीत लागलं की जिथे असतील तिथे थिजायची. एक पाय आत, एक बाहेर. गीत संपलं की धूम. वडील कधी अर्ध्यातून पळाले का? "दोनदा," ते म्हणत. "एकदा तुझा जन्म झाला त्या रात्री." दुसऱ्यांदाचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. असे पळणारे देशभर झाले असावेत, कारण पुढे ती पद्धत बंदच पडली. महाराष्ट्रात ती २००३ मध्ये परत आली, या वेळी सिनेमाच्या आधी, म्हणजे पळायची सोय नाही.

दादरला प्लाझा सिनेमासमोर एक बाग आहे, वीर कोतवाल उद्यान. रोज हजारो माणसं तिच्या कठड्याला वळसा घालून स्टेशनला जातात. त्या कठड्याशी उभं राहून मी कितीतरी जणांची वाट पाहिली आहे, आणि 'कोतवालजवळ भेट' म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना कोतवाल हे पोलिसातलं पद वाटतं. एकदा प्लाझात बसलो होतो. सिनेमा कोणता ते विसरलो. दिवे मंदावले, राष्ट्रगीत लागलं, सगळे उठले. काळोखात उभं असताना एकाएकी सुचलं की रस्त्यापलीकडच्या बागेला ज्याचं नाव आहे त्याने याच शहराची वीज तोडायला आरीपट्टी चालवली होती. भाईंच्या मनासारखं झालं असतं तर एखाद्या रात्री इथला पडदाही विझला असता. मला हसू आलं. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. बावन्न सेकंदांत हसणं हा अपमान होतो का, हे मला खरंच माहीत नव्हतं.

मग मी ते शोधलं, कारण त्या काळात या गोष्टीवरून माणसं एकमेकांच्या अंगावर जाऊ लागली होती. पणजीत २०१६ मध्ये चाकाच्या खुर्चीवरच्या एका लेखकाला, तो उभा राहिला नाही म्हणून, मागच्या रांगेतल्या प्रेक्षकांनी मारलं. त्याला उभं राहताच येत नव्हतं. ते वाचलं आणि मला ओट्यावरचा चुलतआजा दिसला. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचं केलं आणि ९ जानेवारी २०१८ ला ती सक्ती उठवली. १९७१ चा जो कायदा आहे त्यात गुन्हा आहे तो राष्ट्रगीत मुद्दाम रोखण्याचा किंवा ते म्हणणाऱ्या जमावात गोंधळ घालण्याचा. उभं राहा, असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. आणि १९८६ चा तो केरळातल्या तीन भावंडांचा निकाल. त्यांच्या पंथात देवाखेरीज कोणाची स्तुती गायची नाही, म्हणून ती शाळेत राष्ट्रगीताला आदराने उभी राहत पण म्हणत नसत. शाळेने काढून टाकलं. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं, आपली परंपरा सहिष्णुता शिकवते हे बजावून. ते वाचताना मला पीटीचे मास्तर आठवले. गीत देवासारखं आहे म्हणून ती मुलं गात नव्हती, आणि देवासारखं आहे म्हणूनच आजा हात जोडत होता. शाळेला दोन्ही चालत नव्हतं.

दोन जानेवारीला आमच्या भागातली माणसं पहाटेच सिद्धगडाला जातात. कर्जतहून कशेळे, म्हसा करत जीपगाड्या निघतात, नेरळच्या हुतात्मा चौकात हार पडतात. मी तीन वेळा गेलो. गोठवणारी थंडी, दव, शेकोट्या, आणि शेवटच्या चढाला शाळकरी पोरांच्या आरोळ्या. पहिल्यांदा गेलो तेव्हा आजा होता. स्मारकापासून दहा पावलांवर त्याने वहाणा काढल्या. त्या गारठ्यात जमिनीवर पाऊल टेकवत नव्हतं. राष्ट्रगीताच्या वेळी मी पाहिलं, त्याच्या ओळीतले आणखी तीन-चार म्हातारे हात जोडून होते. कुणी काही बोललं नाही. परतताना मी विचारलं, इथे तुम्ही कधी आला होतात का, तेव्हा? तो म्हणाला, "टॉवर नाय इकडं." म्हणजे काम नव्हतं. एवढ्यावर मी समजून घ्यायचं.

एक दृश्य मात्र त्याने पाहायला हवं होतं. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. २००६ चा वनहक्क कायदा येऊन तीन-चार वर्षं लोटली होती आणि एका तालुक्याच्या कचेरीसमोर दळीवाले उपोषणाला बसले होते. डोंगरउतारावरच्या या जमिनी ठाकूर-कातकरी पिढ्यान्‌पिढ्या कसत आले, नाचणी-वरी काढत आले, पण नावावर नाहीत. दावे दाखल करून थकले आणि सव्वीस जानेवारीचा मुहूर्त धरून फाटकाबाहेर ताडपत्री अंथरली. हा आमच्याकडचा नेमच आहे. झेंडावंदनाच्या दिवशी साहेब हमखास जागेवर असतो, म्हणून उपोषण त्या दिवसाच्या बेताने. आत कंपाउंडात मांडव, खुर्च्या, शाळेचा बँड, आणि बाहेर ताडपत्रीवर चाळीसेक माणसं, मागे कापडी फलक. मधे पोलिसांची दोरी. मी ओळखीच्या एकाला भेटायला गेलो होतो.

साहेब आले, दोरी ओढली, फुलं पडली, कर्ण्यावर गीत सुरू झालं. ताडपत्रीवरची माणसं उठली. कोणी सांगितलं नव्हतं. दोन दिवस पोटात अन्न नाही, त्यामुळे एकमेकांच्या खांद्याला धरून उठली. पुढे बसलेली एक म्हातारी ठाकरीण तर दोघींनी काखेत हात घालून उभी केली. तिच्या पायांत काढायला काही नव्हतंच. दोरीजवळचा हवालदार सावधानमध्ये होता, पण त्याची नजर सारखी त्या म्हातारीकडे जात होती, ती पडते की काय म्हणून. साहेब समोर झेंड्याकडे बघत होते. त्यांना मागे कोण उभं आहे ते दिसणार नव्हतं.

गीत संपलं. आत टाळ्या झाल्या, बँडने काहीतरी वाजवायला घेतलं. म्हातारीला ते अजून चालूच आहे असं वाटलं असावं. ती तशीच उभी होती, धरणाऱ्या दोघींनी हात सोडले तरी. मग हवालदाराकडे वळून म्हणाली,

"झालं का रं? बसू मंग?"

"बस, आये," तो म्हणाला.